मेडिकल टाकायचं तर डी.फार्म का बी.फार्म?

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, डी.फार्मवाला (डिप्लोमा) असो नाहीतर बी.फार्मवाला (डिग्री), मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहायला दोघांना लागतं ते एकच, महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. वय 18 पूर्ण पाहिजे आणि कॉलेज पीसीआयची (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेलं पाहिजे. त्यामुळे अमळनेरला किंवा साक्रीला घरच्याच गाळ्यात मेडिकल टाकायचं एवढंच डोक्यात असेल तर बी.फार्मची चार वर्षं घालवायची खरंच गरज नाही, भाऊ.

डी.फार्म दोन वर्षांचं. बारावी सायन्स, बायो चालतं नाहीतर मॅथ्स चालतं, ॲडमिशन बारावीच्या मार्कांवर, सीईटीची कटकट नाही आणि परीक्षा एमएसबीटीई (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) घेतं. पण दोन वर्षं झाली म्हणजे सुटलो असं नाही, त्यानंतर 500 तासांचं ट्रेनिंग असतं, कमीत कमी तीन महिन्यांत पसरलेलं, आणि त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्यात गेले पाहिजेत. आपल्याकडे पोरं ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून नुसती सही आणतात आणि तीन महिने शेतात नाहीतर घरी. तसं करू नका राव. डॉक्टरचं अक्षर लावणं, शेड्यूल एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या ठरावीक औषधांचं, रजिस्टर भरणं (डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं), हे पुस्तकात चार ओळींत असतं, पण संध्याकाळी दवाखाने सुटल्यावर काउंटरवर आठ-दहा जण हात पुढे करून उभे असताना एका हाताने ॲन्टिबायोटिकची स्ट्रिप कापत ते लिहायचं म्हणजे काय ते तिथेच कळतं.

आता डी.फार्मवाल्यांसाठी एक्झिट एक्झामचे (डिप्लोमा झाल्यावर, रजिस्ट्रेशनच्या आधी द्यायची परीक्षा) नियम आलेत, 2022 चे. तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के पाहिजेत आणि सगळं इंग्रजीत, म्हणजे मराठी मिडियमवाल्यांनी पहिल्या वर्षापासूनच इंग्रजी नावांची सवय करून घ्यायची. 2024 मध्ये होणारी परीक्षा पुढे ढकलली गेली, म्हणून आपल्या बॅचला काय लागू आहे ते ताजी नोटीस वाचूनच ठरवा, कॉलेजच्या एजंटला विचारून नाही. बी.फार्मला हे लफडं नाही.

बी.फार्म चार वर्षं, आठ सेमिस्टर, ॲडमिशनला सीईटी किंवा नीटचा स्कोअर लागतो. खर्च जास्त, फीचे हप्ते कापसाच्या पैशावर बसवणाऱ्या घराला ही दोन जादा वर्षं जड जातात हे मान्य. पण दरवाजे किती उघडतात बघा: ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं तर डिग्रीच लागते, डिप्लोमावाला तो फॉर्मच भरू शकत नाही. कंपनीत प्रॉडक्शन, क्यूसी (मालाची क्वालिटी तपासणं), पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म, सगळं डिग्रीवर. सरकारी दवाखान्यातल्या फार्मसिस्टच्या जागांना मात्र डिप्लोमा चालतो, फक्त तिथे डिग्रीवालेही रांगेत असतात. आणि डिग्रीसाठी घर सोडावंच लागतं असंही नाही, शिरपूर, चोपडा, जळगाव, धुळे, सगळीकडे कॉलेजं आहेत.

मधला रस्ता पण आहे, डी.फार्म करून बी.फार्मच्या सेकंड इयरला डायरेक्ट. बरेच जण हाच सांगतात, पण हिशोब करा, 2 आणि 3 मिळून पाच वर्षं, वर ट्रेनिंग वेगळं. सीईटीचा स्कोअर बरा आला असेल तर सरळ बी.फार्म घ्या, माझं तरी हेच मत. स्कोअर पडला असेल नाहीतर घरात कमाईची घाई असेल तर डी.फार्म, आणि मग मेडिकलवर बसून पुढचं ठरवता येतं.

दुकानाचं लायसन्स वेगळं हे पण लक्षात घ्या, ते एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, रिटेलला कमीत कमी 10 चौरस मीटर जागा आणि फ्रीज पाहिजे. जागा, फ्रीज सगळं आहे पण फार्मसिस्ट नाही असे लोक तुम्हाला गाठतील, म्हणतील सर्टिफिकेट नुसतं भिंतीवर लावू दे, महिन्याला पैसे घे, यायची गरज नाही. दुसऱ्याने चुकीचं औषध दिलं तरी नाव तुमचंच, रजिस्ट्रेशन गेलं तर दोन वर्षं काय नि चार वर्षं काय, सगळं पाण्यात.

आणि फी भरायच्या आधी पीसीआयच्या साइटवर कॉलेजचं नाव, कोर्स आणि ॲडमिशनचं वर्ष, तिन्ही जुळतात का ते स्वतः बघा. कोपऱ्याकोपऱ्यावर कॉलेजं झालीत, एखाद्याकडे डी.फार्मची मान्यता असते पण बी.फार्मची नसते, आणि बोर्डावर दोन्ही लिहिलेलं असतं.