दिवंगत खेळाडूंचे डाव जपण्यासाठी ‘लिचेस स्टडी’ : मंडळांच्या कामाची किती?

बुद्धिबळ मंडळातला जुना खेळाडू गेला की शोकसभा होते, पुढच्या वर्षी त्याच्या नावानं एक दिवसाची रॅपिड स्पर्धा होते, करंडकावर नाव कोरलं जातं. हे सगळं व्हायलाच हवं. पण स्पर्धेला आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्या नावामागचा माणूस कसा खेळायचा हे कळत नाही. ते त्याच्या डावांतूनच कळतं, आणि डाव बहुतेक वेळा घरच्या माळ्यावरच्या पिशवीत, पिवळ्या पडलेल्या स्कोअरशीटवर, म्हणजे डाव चालू असताना खेळ्या लिहिलेल्या कागदावर असतात. ते एका जागी आणून कुणालाही पटावर फिरवून पाहता यावेत, यासाठी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाची ‘स्टडी’ ही सोय कितपत उपयोगी आहे, ते इथे लिहितो आहोत.

लिचेस २०१० पासून चालू आहे. ते ना-नफा तत्त्वावर चालतं, जाहिराती नाहीत, स्टडी पूर्ण फुकट. एका स्टडीत ६४ प्रकरणं बसतात, म्हणजे एका खेळाडूचे निवडक ६४ डाव. हौशी खेळाडूचे वाचता येण्याजोगे तेवढे डाव मिळाले तरी खूप, त्यामुळे ही मर्यादा सहसा आड येत नाही. एका माणसाची एक स्टडी ठेवावी. सगळ्या दिवंगतांचे डाव एकाच स्टडीत भरले की कुणाचा कुठला ते शोधत बसावं लागतं.

खरी मेहनत स्कोअरशीट वाचण्याची आहे. कार्बन कॉपी असेल तर खिडकीपाशी, बाजूनं उजेड येईल अशी ठेवून फोटो काढा, मग काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवा. पुसट अक्षरंही उठून येतात. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप पिवळी पडते आणि काढायला गेलं की शाईसकट निघते. लॅमिनेशनही नको.

फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघानं १९८१ पासून जुनी वर्णनात्मक नोंद ग्राह्य धरणं बंद केलं, त्यामुळे त्याआधीच्या वह्या बहुधा त्याच पद्धतीत सापडतात. १९५५ साली एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांच्यात विभागून गेलं, त्या पिढीचं सगळं लिखाण असंच. या पद्धतीत प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूनं घरं मोजतो. पांढऱ्याचं ‘पी-के४’ म्हणजे आजच्या नोंदीत ई४, काळ्याचं तेच म्हणजे ई५. शिवाय घोड्यासाठी ‘केटी’ लिहायची रीत होती. घाईत त्यातला ‘टी’ सुटला की घोड्याची खेळी राजाची वाटते. नोंद मध्येच अडली की आधी ही शंका घ्यावी.

आता स्टडीचा सगळ्यात मोठा गुण. खेळ्या मजकूर म्हणून टाइप करण्यापेक्षा पटावर मोहरे हलवून भरा, कारण पट बेकायदा खेळी होऊच देत नाही. चूक जिथे झाली तिथेच किंवा तिच्यापासून थोड्याच खेळ्यांत गाडी अडते. उदाहरणार्थ, पांढऱ्याचे घोडे बी१ आणि एफ३ वर आहेत आणि कागदावर नुसतं ‘घोडा डी२’ लिहिलं आहे. दोन्ही घोडे तिथे जाऊ शकतात. इथे अंदाज करायचा नाही, कागदावर पुढे वाचायचं. त्यानंतर घोड्याची पहिलीच नोंद ‘घोडा जी५’ अशी असेल तर एफ३ चा घोडा जागेवरच होता, डी२ ला गेला तो बी१ चा. डी२ वरून जी५ ला घोडा एका उडीत पोचत नाही. चुकलेला फाटा पुसून योग्य तो भरायला दोन क्लिक लागतात. प्रतिस्पर्ध्याची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं, दोन्ही शेजारी ठेवून भरा.

पस्तिसाव्या खेळीच्या आसपास नोंद नुसत्या रेघांवर आली तर तो निष्काळजीपणा समजू नका. घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला आणि खेळीमागे ३० सेकंदांची भर नसेल, तर लिहिणं सक्तीचं नसतं. अशा डावाचा शेवट कल्पनेनं पुरा करू नका. जिथे नोंद थांबते तिथे थांबा, निकाल भरा आणि टिपणात ‘पुढील खेळ्यांची नोंद नाही’ असं लिहा. तारखेतलं फक्त साल माहीत असेल तर महिना आणि दिवसाच्या जागी प्रत्येकी दोन प्रश्नचिन्हं टाकायची पद्धत आहे.

देशी पद्धतीचे, म्हणजे जुन्या भारतीय नियमांनी खेळलेले डाव भरताना अडचण येते. प्यादं एकेक घर चालतं ते पटाला चालतं, पण शह बसण्याआधी राजानं घेतलेली घोड्याची उडी पट नाकारतो. उपाय असा की उडीपर्यंतचा डाव एका प्रकरणात ठेवायचा, उडीनंतरची स्थिती एडिटरमध्ये मांडून दुसरं प्रकरण सुरू करायचं. डोळ्यांना तुटक दिसतं, पण खेळी खरी राहते.

प्रत्येक प्रकरणाच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी आवर्जून करा. ‘ओरिएंटेशन’ दिवंगत खेळाडूच्या बाजूनं ठेवा. काळ्यानं खेळलेला डाव काळ्याच्या बाजूनंच पाहायला हवा, म्हणजे बघणारा त्यांच्या खुर्चीत बसतो. आणि ‘पिन केलेलं टिपण’ चालू करून पटाखाली चार ओळी लिहा: स्पर्धा कुठली, समोर कोण, त्या काळात ते कुठे नोकरीला होते, मंडळात कुणाला शिकवलं. मराठी मजकूर देवनागरीत नीट उमटतो. फोटो चढवायची सोय मात्र नाही, ही मोठी उणीव. स्कोअरशीटचे आणि माणसाचे फोटो वेगळे जपावे लागतात.

संगणकाच्या विश्लेषणाबद्दल आमचं मत ठाम आहे. त्याची मागणी केली की तो खेळ्यांवर चुकांची चिन्हं आणि ‘ब्लंडर’सारखे शेरे थेट प्रकरणात लिहून ठेवतो. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मंडळात येणाऱ्या माणसाच्या डावावर ते शेरे कायमचे राहू देऊ नका. सेटिंगमध्ये संगणक विश्लेषण ‘कुणालाही नाही’ असं करता येतं. डावावर लिहायचंच असेल तर त्यांच्यासमोर बसून खेळलेल्या एखाद्यानं लिहावं.

शोकसभेत किंवा स्मृतिस्पर्धेच्या बक्षीस समारंभात डाव दाखवायचा असेल तर ‘सिंक’ चालू ठेवा. दाखवणारा खेळी पुढे नेईल तसे लिंक उघडलेल्या सगळ्यांच्या फोनवर मोहरे हलतात. त्यासाठी ‘रेक’ हे खेळ्या साठवण्याचं बटणही चालू हवं, ते बंद असलं की दाखवणाऱ्याच्या खेळ्या इतरांपर्यंत पोचत नाहीत. ते चालू असताना ‘इथे हत्ती घेतला असता तर?’ म्हणून करून पाहिलेल्या खेळ्या मात्र मूळ डावात साठतात, त्या नंतर पुसून टाका. मुलांसाठी ‘पुढच्या खेळ्या लपवा’ हा प्रकार छान आहे: ‘काकांनी इथे काय खेळलं असेल?’ असं विचारून थांबता येतं.

लिहिण्याचा अधिकार दोघातिघांनाच द्या, बाकीचे प्रेक्षक. स्टडी सार्वजनिक करण्याआधी घरच्यांना विचारा. काही कुटुंबांना फक्त लिंक असलेल्यांनाच दिसावी असं वाटतं, आणि तोही पर्याय आहे.

शेवटची खबरदारी प्रतीची. स्टडी एका व्यक्तीच्या खात्यावर असते आणि मंडळात माणसं बदलत राहतात. काम झालं की ‘शेअर’मधून संपूर्ण स्टडीची पीजीएन फाइल उतरवा. ती साधी मजकुराची फाइल असते, बुद्धिबळाच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. एक प्रत मंडळाच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक घरच्यांकडे. छापील प्रतही काढून करंडकाच्या कपाटात ठेवावी, आणि मूळ स्कोअरशीट कुटुंबाला परत करावीत.