इंग्रजीच्या तासाला ऑनलाइन साहित्य : वर्षभर वापरल्यानंतर काय टिकलं, काय गळलं

आधी मत सांगते, कारणं पुढे येतीलच. माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवताना ऑनलाइन साहित्यातली एक गोष्ट मी आता सोडणार नाही : तीन-चार मिनिटांचा ऑडिओ आणि त्याची छापील संहिता. खेळ, व्हिडिओ, आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, शब्दांची ॲप्स हे सगळंच वर्षभर वापरून पाहिलं. त्यातलं काही उपयोगी पडलं, काही सहामाहीपर्यंतच मागे राहिलं. पण मुलांच्या इंग्रजीत डोळ्यांना दिसेल असा फरक पडला तो ऐकण्यामुळे.

मुलं तेरा ते सोळा वयाची. वर्गात एक प्रोजेक्टर, एक बऱ्यापैकी स्पीकर आणि माझा लॅपटॉप. मुलांच्या हातात उपकरणं नाहीत, आणि संगणक कक्ष अधूनमधून एखाद्या तासापुरता मिळतो. हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच साइट्स प्रत्येक विद्यार्थ्यासमोर स्वतंत्र स्क्रीन आहे असं धरून बनवलेल्या असतात. एका स्क्रीनवर सगळा वर्ग चालवायचा असेल तर निवड पार बदलते. माझं मत त्या परिस्थितीतलं आहे.

ऐकण्यापासून सुरुवात करते. आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर पडणारं इंग्रजी बहुतेक वेळा एकाच आवाजात असतं, शिक्षकाच्या. तो आवाज ओळखीचा, त्यांच्यासाठी सावकाश बोलणारा. त्यामुळे वर्गात सगळं समजणारं मूल दुसऱ्या कुणाचं इंग्रजी ऐकलं की गोंधळतं. ब्रिटिश कौन्सिलची 'लर्नइंग्लिश टीन्स' ही साइट याच वयोगटासाठी आहे, आणि ते विषयांतून लगेच जाणवतं : मित्रांचे बेत, शाळेतले प्रकल्प, परीक्षेची तयारी. धडे युरोपीय भाषा-चौकटीप्रमाणे ए१, ए२, बी१ अशा पातळ्यांत लावलेले आहेत. काउन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चौकटीत ए१ (सर्वांत सोपी) ते सी२ (सर्वांत अवघड) अशा सहा पातळ्या आहेत, आणि एकदा ती डोक्यात बसली की कुठल्याही साइटवरचं साहित्य निवडणं सोपं जातं. ऐकण्याच्या धड्यात आधी थोडे शब्द, मग ऑडिओ, मग कृती आणि शेवटी संहिता. छापून देता येण्याजोगं वर्कशीटही मिळतं, म्हणजे मुलांसमोर स्क्रीन नसली तरी अडत नाही.

वरच्या वर्गांसाठी बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' चांगला चालला. दोन निवेदक, एक विषय, आणि सुरुवातीलाच तीन पर्यायांचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर शेवटी मिळतं. हा प्रश्न फार कामाचा. मी तिथेच ऑडिओ थांबवते, मुलांकडून अंदाज लिहून घेते आणि मग पुढे जाते. आपलं उत्तर बरोबर आलं का हे कळेपर्यंत वर्ग कान देऊन ऐकतो. सहाच्या सहा मिनिटं मात्र एका दमात कधी लावत नाही. एका तासाला दोन मिनिटांचा तुकडा पुरे होतो.

त्या दोन मिनिटांचं करायचं काय, इथेच सगळी मेख आहे. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. एका संवादात मुलगी मैत्रिणीला म्हणते, 'आय शुड हॅव टोल्ड हर.' हे वाक्य पुस्तकात असतं तर वर्गात कुणीच अडलं नसतं. मी ते संहिता न देता ऐकवलं आणि लिहायला सांगितलं. वह्यांमध्ये उतरलं 'आय शुड टोल्ड', 'आय शुड अ टोल्डर', आणि बऱ्याच ठिकाणी नुसती रिकामी जागा. मग पुन्हा ऐकवलं आणि जिथे जोर ऐकू येईल तिथे बाकावर बोट वाजवायला सांगितलं. बोटं 'शुड'वर वाजली आणि 'टोल्ड'वर वाजली. मधला 'हॅव' नुसत्या 'अव'वर आला होता, आणि 'हर'मधला 'ह' जवळजवळ गायब. त्यानंतर संहिता वाटली. आपण काय ऐकलं आणि काय निसटलं हे प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात पाहिलं. पुढच्या ऑडिओत 'मस्ट हॅव'चा 'मस्टव' झाला तेव्हा मागच्या बाकावरून एकाने माझ्याआधी ओळखला. व्याकरणाच्या तासात याच रचनेवर कितीतरी वाक्यं सोडवून झाली होती, पण ती कानाने पकडता येते हे त्या दिवशी कळलं.

अशा ठिकाणी 'यूग्लिश' ही साइट हाताशी ठेवावी. शब्द किंवा शब्दसमूह टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंतून तो नेमका जिथे उच्चारला गेलाय ती जागा लागते, एकामागून एक. अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे उच्चार वेगळे निवडताही येतात. दोन मिनिटांत सात-आठ खऱ्या माणसांच्या तोंडून तीच रचना ऐकून होते. व्हिडिओ कुठले येतील हे मात्र आपल्या हातात नसतं, म्हणून तासाआधी एकदा चाळून घ्यायचे.

ज्यांना हा वेग झेपत नाही त्यांच्यासाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाचे शिकणाऱ्यांसाठीचे जुने कार्यक्रम वापरले. 'स्पेशल इंग्लिश' या नावाने ते १९५९ मध्ये सुरू झाले. साधारण १५०० शब्दांचा गाभा, लहान वाक्यं, आणि नेहमीच्या बातम्यांच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने वाचन. कच्च्या मुलांना 'मला इंग्रजी बातमी कळली' हा अनुभव पहिल्यांदा इथे मिळाला, आणि तो फार मोठा आहे. पण त्यावरच वर्षभर राहू नये. तो वेग शिकणाऱ्यांसाठी घडवलेला आहे, बाहेर कुणी तसं बोलत नाही. यूट्यूबवर वेग ०.७५ करून ऐकवण्याचंही तसंच : पहिल्यांदा सावकाश ऐकवा, पण शेवटची फेरी मूळ वेगातलीच हवी. आणि आपोआप तयार झालेल्या सबटायटल्सवर संहिता म्हणून विसंबू नका. विशेषनामं आणि जोडून बोललेले शब्द त्यांत हमखास चुकतात, आणि मुलं स्क्रीनवर दिसलेलं खरं मानतात.

वाचनासाठी ऑनलाइन मजकुराला तोटा नाही; अडचण पातळीची आहे. शब्दसंपदेवर काम करणारे पॉल नेशन आणि त्यांच्या सहसंशोधकाच्या २००० सालच्या अभ्यासातून एक आकडा पुढे आला : कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द वाचणाऱ्याला माहीत हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. मजकूर निवडताना मी हाच मापदंड लावते. दीडशे शब्दांच्या परिच्छेदात मध्यम विद्यार्थ्याला तीनपेक्षा बरेच जास्त शब्द अडणार असतील, तर तो मजकूर एकट्याने वाचायला देत नाही, वर्गात मिळून वाचतो. विषय इतिहासाचा किंवा विज्ञानाचा असेल तर सिंपल इंग्लिश विकिपीडियावरचा लेख आणि मुख्य इंग्रजी विकिपीडियावरचा त्याच विषयाचा लेख, दोन्हींचे पहिले परिच्छेद शेजारी-शेजारी छापून देते. लांब वाक्य कुठे तोडलं, कुठला शब्द सोपा केला हे मुलं शोधतात, आणि मग स्वतः एक अवघड वाक्य सोपं करतात. माझ्या मते सारांशलेखन शिकवायला यापेक्षा चांगला रस्ता नाही.

ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन शब्दकोशाबद्दल शिक्षक फारसं बोलत नाहीत, म्हणून आवर्जून सांगते. महत्त्वाच्या शब्दांशेजारी त्यात पातळी दिलेली असते, आणि 'ऑक्सफर्ड ३०००' ही यादी ए१ ते बी२ अशी विभागलेली आहे. धड्यात आठ नवे शब्द आले तर सगळ्यांवर सारखा वेळ घालवायची गरज नाही. ए२-बी१चे तीन-चार नीट शिकवायचे, वाक्यात वापरून घ्यायचे. उरलेल्यांचा अर्थ सांगून पुढे जायचं. या एका सवयीने माझा बराच वेळ वाचला. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार तिथेच ऐकता येतात, हे वेगळं.

आता खेळ. 'काहूत' ही स्क्रीनवर खेळायची प्रश्नमंजुषा मुलांना आवडते यात शंका नाही, वर्ग उसळतो. संगणक कक्षात सत्र संपताना उजळणीला वापरावी. पण गुण वेगावर ठरू लागले की वाचून विचार करणारं मूल मागे पडतं आणि अंदाजाने बटण दाबणारं पुढे जातं. एका स्क्रीनच्या वर्गासाठी मला 'प्लिकर्स' कितीतरी अधिक मोलाचं वाटलं. प्रत्येकाकडे छापलेलं एक कार्ड असतं, ते कुठल्या बाजूने वर धरलं यावर उत्तर ए, बी, सी की डी हे ठरतं. मी फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून नजर फिरवल्यासारखा फोन फिरवते आणि सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं असल्याने शेजाऱ्याचं पाहून काही कळत नाही. कधी हात वर न करणारी मुलंही उत्तर देतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याला मी हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत जोडली. प्रश्न विचारायचा, उत्तरं घ्यायची, बरोबर कोणतं ते सांगायचं नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलून त्याला पटवायला सांगायचं आणि पुन्हा उत्तरं घ्यायची. 'सिन्स' की 'फॉर' या प्रश्नावर पहिल्या फेरीत वर्ग जवळजवळ निम्मा-निम्मा विभागला गेला. चर्चेनंतर बहुतेक कार्डं योग्य बाजूला वळली, आणि नियम मी सांगितलाच नव्हता. 'फॉर'नंतर किती काळ ते येतं आणि 'सिन्स'नंतर कधीपासून ते, हे एका मुलीने शेजारणीला स्वतःच्या शब्दांत समजावलं. माझ्यापेक्षा सोपं होतं ते.

शब्द पाठ करायच्या ॲप्सबद्दल थोडक्यात : कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा समोर येणं हे त्यांचं खरं बळ. पण घरी रोज उघडणारी मुलं थोडीच असतात. कागदाची कार्डं आणि तीन खोकी घेऊन लाइटनर पद्धतीने वर्गातही तेच साधतं : आलेला शब्द पुढच्या खोक्यात, चुकलेला परत पहिल्या. आम्ही शेवटी त्यावरच आलो.

लेखनासाठी केंब्रिजचं 'राइट अँड इम्प्रूव्ह' वापरलं. परिच्छेद टाकला की काही सेकंदांत अंदाजे पातळी दिसते, ज्या वाक्यांवर काम हवं ती रंगाने उठून दिसतात, संशयास्पद शब्दांवर खूण येते. मला यात सर्वात आवडलं ते हे, की ते सगळं दुरुस्त करून हातात ठेवत नाही. माझ्या लाल पेनाने तपासलेली वही मुलं गुण पाहून मिटतात. इथे रंग हलका व्हावा म्हणून एक विद्यार्थिनी तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहीत बसली. आधी क्रियापदांचा काळ सुधारला, मग 'अँड' लावून ताणलेलं लांबलचक वाक्य दोन ठिकाणी तोडलं. पुनर्लेखनाची ही ओढ मला एरवी लावता आली नसती. मजकुरात म्हणायचंय काय, मुद्दा पटतो का, हे मात्र यंत्राला उमजत नाही. ते वाचणं माझंच काम राहिलं आणि ते मी मनापासून करते.

एआय चॅटबॉट मुलांच्या हाती दिलेला नाही. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे वय किमान १३ हवं आणि १८ खालच्यांना पालकांची संमती. ती घेतल्याशिवाय वर्गात खाती उघडणं मला मान्य नाही. स्वतः मात्र तयारीला वापरते : एकच मजकूर ए२ आणि बी१ अशा दोन पातळ्यांत हवा असेल तर मसुदा पटकन मिळतो. ओळ न् ओळ वाचून मगच छापते.

तक्रारीही आहेत. प्रश्नसंच बनवायची एक साइट सत्राच्या मध्येच वर्गाचे अहवाल सशुल्क करून मोकळी झाली. पैसे भरल्याशिवाय माझ्याच मुलांची मागची उत्तरं दिसेनात. तेव्हापासून प्रत्येक प्रश्नसंचाची प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवते. मोफत वर्कशीटच्या दुसऱ्या एका साइटवर प्रोजेक्टर चालू असताना लहान मुलांसमोर येऊ नये अशी जाहिरात झळकली. ती साइट आता वर्गात उघडत नाही, लागेल ते आधीच पीडीएफ करून नेते. ऑडिओ परवानगी असेल तिथे उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवते. नेट गेलं म्हणून तास वाया जाणं हे मुलांवर अन्यायाचं आहे.

आणि बोलणं. त्यासाठी यातल्या कशानेही मनासारखं काम केलं नाही. बोलून घेणारी ॲप्स ठरलेलं वाक्य म्हणायला लावतात आणि हिरवी खूण देतात. समोरच्याचं ऐकून, अडखळत, दुसरा शब्द शोधत उत्तर देणं त्यात होत नाही. म्हणून ऐकलेल्या संवादाची संहिता मिटवायची, जोडीने तोच प्रसंग आपल्या शब्दांत बोलायचा, माझ्या फोनवर ध्वनिमुद्रण करायचं आणि मग मूळ संवाद पुन्हा ऐकायचा, असा क्रम बसवला आहे. सगळ्या जोड्यांचं ऐकायला तासात वेळ पुरत नाही, तेव्हा दर वेळी चार जोड्या घेते आणि बाकीच्यांना पुढच्या तासाचा क्रमांक देते.