म्यूनिकच्या नोकरीपायी राजारामपुरीत गेलेले २,३०,९०० रुपये

आधी आकडा सांगते, म्हणजे "थोडेफार गेले असतील" असं कुणाला वाटायला नको. २,३०,९०० रुपये. त्यातले १,२०,००० पाटल्या गहाण ठेवून पतसंस्थेतून उचलले आणि ४८,००० माझ्या भिशीचे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचं ऑफिस, काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर युरोपचा नकाशा. नाव लिहीत नाही, कारण अर्ज चौकशीत आहे आणि बदनामीची नोटीस उलट मलाच यायची.

काम म्यूनिकमधल्या डॉक्टर जोडप्याची दोन मुलं सांभाळायचं. महिना १,८५० युरो, राहणं-जेवण त्यांच्याकडं. मी पाळणाघर चालवते, लोकांची सहा महिन्यांची बाळं दिवसभर माझ्या मांडीवर असतात. "ताई, तुमच्यासारख्या अनुभवी बायकाच तिकडं पाहिजेत" असं कुणी म्हटलं तर मला खोटं का वाटावं? शिवाय ओळख नणंदेच्या मैत्रिणीकडून निघालेली. रस्त्यावरचा बोर्ड वाचून आत शिरलेली बाई नाही मी.

पहिले ५,००० नोंदणीचे. मग ३५,४००, आणि इथंच त्याची हुशारी. परदेशी नोकरीसाठी एजंटानं ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, यापेक्षा जास्त फी घ्यायची नाही असा सरकारी नियम आहे. तो नियम त्यानं मला सरकारी वेबसाइटवर काढून दाखवला आणि बरोबर तेवढेच मागितले. नियम खरा, तो खोटा. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असते, त्यात हा कुठंच नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं लायसन्स शॉप अ‍ॅक्टचं होतं. तेवढं पानपट्टीलासुद्धा मिळतं. लायसन्स दिसलं की त्याचा फोटो काढा आणि घरी येऊन नंबर तपासा. फोटो काढू देत नसेल तर चप्पल घाला आणि निघा.

पुढं विमा आणि कागदांच्या भाषांतराचे ४८,०००, व्हिसाचे १,२०,०००, तिकिटाच्या फरकाचे २२,५००. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात, कारण "कंपनीचं खातं ऑडिटला आहे". जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची खरी फी ७५ युरो, म्हणजे सात-आठ हजार रुपये. म्यूनिकच्या मॅडमशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणंही करून दिलं. नंबर +४४ नं सुरू होणारा. तो ब्रिटनचा, जर्मनीचा +४९ असतो. हे आता कळून काय उपयोग.

पण पासपोर्ट हातात परत आला त्या दिवसाचा राग काही केल्या जात नाही. त्याच्या समोर बसून मी पान न् पान उलटलं. सगळी कोरी. व्हिसा कुठाय म्हटलं, तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ताई, आता सगळं ऑनलाइन. पीडीएफ टाकलाय, कलर प्रिंट मारून लॅमिनेशन करून घ्या." मी खाली उतरले, त्याच झेरॉक्सवाल्याकडं ३० रुपये देऊन लॅमिनेशन करून घेतलं आणि घरी येऊन देवापुढं ठेवलं! जर्मनीचा व्हिसा पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला असतो, आणि त्याआधी आपण स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. माझे ठसे कुणी मागितलेच नव्हते. मामेभाऊ शिकायला गेला तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन ठसे देऊन आला होता, हे मला ठाऊक होतं आणि मी विचारलंही होतं. "ते विद्यार्थ्यांना लागतं, वर्क परमिटचं कंपनी बघते." इतक्या सहज बोलणाऱ्यापुढं आपणच अडाणी वाटायला लागतो.

शेवटी त्या मामेभावालाच पीडीएफ पाठवला. त्याचा लगेच फोन आला. व्हिसावर सी लिहिलेलं, म्हणजे जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. घरात राहून मुलं सांभाळायला म्हणून जो व्हिसा तिकडं मिळतो तो ऑ पेअरचा. वय २७ च्या आत, जर्मन थोडीफार यावी लागते, मुदत फार तर एक वर्ष आणि हातखर्चाला महिना २८० युरो. मी ३८ वर्षांची आहे. माझं आधार कार्ड त्या माणसानं पहिल्याच दिवशी घेतलं होतं.

आता पोलीस. ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच दिले ना? मग ही दिवाणी भानगड, वकील गाठा." फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे, नोंदणी नसताना परदेशी भरती करणं हा वेगळा गुन्हा आहे, हे मी पाळणाघरवाली त्यांना सांगत होते. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटलाय, ऑफिस बघितलंय, हे आमच्यात येत नाही. बँकेत सांगितलं, ओटीपी तुम्हीच टाकला. परदेशी भरतीवर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईच्या सरकारी कार्यालयानं लेखी उत्तर धाडलं की स्थानिक पोलिसांशी संपर्क साधावा. आणि ठाण्यातले साहेब बंदोबस्तावर. एकानं तर हसत विचारलं, "ह्या वयात जर्मनीला कशाला निघाला होता?" माझ्या वयाची चौकशी झाली, त्याच्या खात्यांची झाली नाही. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते. स्पीड पोस्टानंच पाठवा, पावती जपा. माझी पोच आलीय, पुढं हालचाल नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन लावा. मी आधी त्याच्याच ऑफिसला फेऱ्या मारत बसले, तोवर खाती रिकामी.

ऑफिसला आता कुलूप आहे. पण त्याच्या दुसऱ्या नंबरवर नवीन स्टेटस दिसतंय, माल्टा, केअरगिव्हर, फक्त महिला, १० जागा. राजारामपुरीत ह्या ऑफिसात कुणी पैसे भरले असतील तर पावत्या आणि खात्याचे उतारे घेऊन मला गाठा. एकटीच्या अर्जावर नुसती पोच मिळते. चौघी-पाचजणी एकदम अधीक्षकांच्या दारात उभ्या राहिलो की बघू, दिवाणी कसं म्हणतात ते.