आयडिया-व्होडाफोन एक झाल्यावरचे आठ महिने: एका 9822वाल्याचा अनुभव

माझा नंबर 9822चा, म्हणजे आमच्या सर्कलमधला (मोबाइल सेवेच्या विभागातला) अस्सल आयडियावाला. मेहुण्याचा 9823: आधी बीपीएल, मग हच, मग व्होडाफोन. कोणाचं नेटवर्क भारी यावर आमचे पंधरा वर्षं वाद. 31 ऑगस्ट 2018 ला दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि वादातली हवाच गेली.

मी कार्ड घेतलं मे 2003 मध्ये, इनकमिंग फुकट झालं तेव्हा. त्याआधी समोरच्याने फोन केला तरी पैसे आपलेच कटायचे. आयडिया कंपनीत तेव्हा बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा असे तिघे; लोक तिला ‘बटाटा’ म्हणायचे! पुढे एटी अँड टी गेली, 2006 मध्ये टाटा बाहेर पडले, 2008 मध्ये स्पाइस ही दुसरी मोबाइल कंपनी विकत घेतली. महाराष्ट्र आणि गुजरातपासून सुरुवात केलेली कंपनी देशभर पोचली. मग सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, दर कोसळले, आणि सहा महिन्यांत व्होडाफोनशी सोयरीक जाहीर झाली. विलीनीकरणावेळी नव्या कंपनीत व्होडाफोनचा वाटा 45.1 टक्के होता, बिर्लांचा 26. पण तेव्हा अध्यक्ष झाले कुमारमंगलम बिर्ला. तेव्हा 40 कोटींवर ग्राहक होते, म्हणजे एअरटेलच्याही पुढे.

आता वापराचं. दर शनिवारी वाईहून पाचगणीला जातो. पसरणी घाटात आईशी बोलत जायची सवय आहे, या आठ महिन्यांत बोलणं एकदाही तुटलं नाही. याचं श्रेय विलीनीकरणाला द्यायचं की नाही, ते टॉवरवाले जाणोत. संध्याकाळी नेट जरा मंदावतं, पण क्रिकेटचा स्कोअर बघण्यापुरतं पुरतं. दुसऱ्या स्लॉटमध्ये वेगळ्याच एका कंपनीचं कार्ड आहे, नाव घेत नाही. तिच्या कस्टमर केअरला एक चुकीची कॉलर ट्यून बंद करायला तीन आठवडे लागले. तोवर मला फोन करणाऱ्या प्रत्येकाने भजन ऐकलं.

एक गंमत मात्र 2019 मध्येही चालू होती. तेव्हा एकदा रिचार्जला गेलो तर दुकानदाराने विचारलं, “आयडिया का व्होडा?”

म्हटलं, “आता एकच ना?”

“कंपनी एक झाली हो काका, रिचार्ज अजून वेगळंच मारावं लागतं. चुकून तिकडचं मारलं तर मेहुण्याला फोन करत बसाल.”