आरटीएक्स ३०६० की आरएक्स ६६००? दोन्ही वापरून झाल्यावर

घरात दोन कॉम्प्युटर आहेत. माझ्या मशिनवर इंटिरिअरचे थ्रीडी व्ह्यू आणि लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग चालतं, त्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबीवालं. धाकट्या भावाच्या मशिनमध्ये एएमडीचं आरएक्स ६६००, आणि तो फक्त गेम खेळतो (अभ्यासासाठी घेतलाय असं आईला सांगितलंय). बाकी सामान जवळपास सारखंच आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड. त्यामुळे कार्डं अदलाबदल करून बघणं सोपं गेलं. आता बरेच महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कागदावरचे आकडे. दोन्ही कार्डं २०२१ ची, ३०६० फेब्रुवारीतलं आणि ६६०० ऑक्टोबरमधलं. अमेरिकेतली जाहीर किंमतही दोघांची एकच होती, ३२९ डॉलर. ३०६० मध्ये ३५८४ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), ६६०० मध्ये १७९२, म्हणजे बरोबर निम्मे. मेमरी १२ जीबी आणि ८ जीबी. मेमरीची बस, म्हणजे डेटाच्या रस्त्याची रुंदी, १९२ बिट आणि १२८ बिट. बँडविड्थ, म्हणजे त्या रस्त्याने जाणारा डेटा, सेकंदाला ३६० जीबी आणि २२४ जीबी. एवढं वाचलं की दुसरं कार्ड कशाला बघायचं असंच वाटतं, आणि दुकानदारही हेच आकडे पुढे करतो. पण १०८०पीवर (फुल एचडी) गेम लावा, हा सगळा फरक कुठे जातो कळत नाही.

कारण कोअर मोजायची पद्धतच दोघांची वेगळी आहे. दोन्ही चिपमध्ये मोठे गट २८च आहेत. एनव्हिडिया एका गटात १२८ कोअर धरते, एएमडी ६४. पण त्या १२८ पैकी निम्म्यांना दशांशाच्या हिशेबाबरोबर पूर्णांकांची कामंही करावी लागतात, आणि गेममध्ये अशी कामं भरपूर निघतात. त्यात ६६०० चा क्लॉक (चिपचा वेग) चढा आहे: बूस्ट २४९१ मेगाहर्ट्झपर्यंत, ३०६० चा १७७७. बँडविड्थची उणीव भरून काढायला ६६०० च्या चिपवरच ३२ एमबीचा इन्फिनिटी कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी मेमरी, दिलाय. रोज लागणारे डबे ओट्यावरच ठेवले की सारखं कोठीत जावं लागत नाही, तसं. मात्र त्यावरच्या १४४०पी रिझोल्यूशनला गेलात की ओटा अपुरा पडतो आणि ३०६० पुढे सरकायला लागतं.

त्यामुळे भावाचा नेहमीचा खुराक, म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए ५, फोर्झा होरायझन ५, यात कार्ड बदललंय हे त्याला न सांगता बदललं तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशेब) बंद ठेवून दोन्हीकडे सेकंदाला साठ फ्रेमच्या आसपास चालतो. रे ट्रेसिंग चालू केलं की ६६०० गुडघे टेकतं. ३०६० सुद्धा काही पळत नाही, पण डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) जोडलं की निदान खेळण्यासारखं होतं. डीएलएसएसचं चित्र एएमडीच्या तशाच एफएसआरपेक्षा स्वच्छ आहे यात वाद नको. तारा, जाळ्या, लांबच्या झाडांची पानं एफएसआरमध्ये थरथरतात. डीएलएसएसचं २०२५ चं नवं मॉडेल ३०६० लाही मिळालं. एएमडीने २०२५ मध्ये एफएसआर ४ मात्र अधिकृतपणे ९००० मालिकेसाठीच आणलं, तेव्हा ६६०० वाले बाहेरच राहिले.

८ जीबीचा त्रास कधी होतो? टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची बारीक चित्रं) अल्ट्रावर नेलं तर. द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवाल्यांचे हाल झाले होते. नंतरच्या पॅचनी बरंच सावरलं. त्यात ६६०० ला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या रस्त्याच्या, आठच लेन आहेत. आमच्या बी४५० सारख्या जुन्या ३.० बोर्डवर मेमरी भरून डेटा रॅममध्ये सांडला की गेम मध्येच अडखळतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की प्रश्न मिटतो, आणि खेळताना फरक जाणवत नाही.

कामाचं म्हणाल तर तिथे तुलनाच नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एका दिवाणखान्याचा सीन घ्या: पडदे, काचेचं टेबल, खिडकीतून येणारं ऊन, फोर-के टेक्स्चर. ३०६० वर ऑप्टिक्स (एनव्हिडियाची रेंडरची पद्धत) लावलं की व्ह्यूपोर्टमधला दाणेदारपणा बघता बघता निवळतो, आणि क्लायंट शेजारी बसलेला असताना लाइट इकडचा तिकडे करून दाखवता येतो. तोच सीन ६६०० वर एएमडीच्या एचआयपीने रेंडर केला तर एका फ्रेमला दुपटीहून जास्त वेळ लागतो. सोफ्यापुढे केसाळ गालिचा आणि बाहेर चार झाडं टाकली की ८ जीबी भरतात आणि रेंडर मध्येच मान टाकतो. एआयने चित्रं करून बघायची तरी तेच. कुडा (कार्डावर अशी कामं चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) असल्यामुळे ३०६० वर सगळं इन्स्टॉल केलं की चालतं. ६६०० एएमडीच्या तशाच आरओसीएमच्या लिनक्ससाठीच्या अधिकृत यादीत नाही; तिथे एक सेटिंग बदलून ते दुसरंच कार्ड असल्याचं भासवावं लागतं. चालतं, पण अपडेट आला की पुन्हा तीच झटापट. स्क्रीन रेकॉर्डिंगलाही एनव्हिडियाचा एनकोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारा भाग, उजवा आहे, कमी बिटरेटला तर स्पष्ट दिसतं.

६६०० मला आवडलं ते उन्हाळ्यात. आम्ही अकोल्याला राहतो, मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. ३०६० ची वीज १७० वॉट, ६६०० ची १३२. अडतीस वॉट म्हणजे काय मोठं, असं जानेवारीत वाटतं. दुपारी कूलरची हवाही कोमट येत असते तेव्हा ३०६० चे फॅन शेजारच्या खोलीत ऐकू येतात आणि ६६०० निवांत असतं. माझा ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा रेंडर चालू असताना लाइट गेली की लगेच बोंबलायला लागतो. भावाकडे सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. शेवटी ३०६० ची पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आणली. वेग फारसा घटला नाही आणि फॅनही शांत झाले. हे एनव्हिडियाने स्वतःच्या ॲपमध्येच आधीपासून सोपं करून द्यायला हवं होतं. एएमडीच्या ॲड्रेनलिन ॲपमध्ये असं सगळं एकाच ठिकाणी आहे.

ड्रायव्हरबद्दल (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एएमडीची जुनी बदनामी आहे. आमच्याकडे तरी भावाच्या मशिनला त्यावरून रडण्यासारखं काही झालेलं नाही.

आम्ही घेतली तेव्हा दोघांत पाच-सहा हजारांचा फरक होता. नुसतं खेळायचं असेल तर ६६०० घ्या आणि वाचलेले पैसे एसएसडीत किंवा बऱ्या मॉनिटरमध्ये घाला. मशिनवर पोट असेल तर ३०६०, आणि १२ जीबीच.

सेकंडहँड बघत असाल तर एक गोष्ट तपासाच. २०२२ च्या अखेरीस ३०६० याच नावाने ८ जीबीचं कार्डही निघालं. त्याची बस १२८ बिट आहे, बँडविड्थ २४० जीबी, आणि ते साध्या ३०६० पेक्षा बरंच हळू आहे. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं, तेव्हा त्यात रात्रंदिवस राबलेली कार्डं झाडूनपुसून बाजारात आली. विकणाऱ्याला समोर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला लावा, १२२८८ एमबी आणि १९२ बिट दोन्ही दिसले पाहिजेत. मग अर्धा तास गेम चालवून तापमान बघा, फॅनचा खरखराट ऐका, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर मूळ बिल मागून घ्या.