६४९ रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा: नऊ महिन्यांचा हिशेब

एवढ्याशा वस्तूवर इतकं लिहायला का बसले, ते कळावं म्हणून आधीची खरेदी सांगते. दोन वर्षांपूर्वी घराजवळच्या एका जिमचे वर्षाचे १४,००० रुपये भरले आणि एकूण अकरा दिवस गेले. मग मनगटावर बांधायचा पट्टा घेतला. तो रोज रात्री पावलांचं कौतुक करायचा आणि वजन मात्र जागचं हलायचं नाही. जानेवारीत हा काटा घेतला तो खरं तर केक करण्यासाठी, लेकीच्या हट्टाने. केक एकदाच झाला.

मी मुलुंडला राहते आणि फोर्टमध्ये एका सीए फर्ममध्ये मॅनेजर आहे. सकाळी आठला घर सोडलं की परतायला साडेआठ. मार्चमध्ये आणि ३० सप्टेंबरच्या आधी टॅक्स ऑडिटच्या दिवसांत साडेदहा-अकरा. 'रोज एक तास स्वतःसाठी काढा' असं सांगणाऱ्यांना मी एकदा लेडीज डब्यात संध्याकाळी साडेसातला उभं करणार आहे.

जानेवारीतले आकडे: वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ७४.८ किलो, कंबर ९६ सेंमी, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस नाही अजून, पण उंबरठ्यावर आहात." आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर ८० सेंमीच्या आत हवी आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या आत, हेही त्यांनीच सांगितलं. माझा बीएमआय ३० होता.

काटा साधा आहे. चपटा, वर स्टीलची तबकडी, ५ किलोपर्यंत मोजतो, एक-एक ग्रॅम दाखवतो, रिमोटमधले दोन बारीक सेल लागतात. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि या किमतीतले बहुतेक काटे एकाच वळणाचे वाटतात.

पहिल्या आठवड्यात मी काहीही कमी खाल्लं नाही, फक्त मोजलं. ऑडिटला गेलं की आधी खाती जशी आहेत तशी बघायची, दुरुस्तीच्या नोंदी नंतर, ही सवय. तर आमच्या घरची फोडणीची पळी निघाली २८ ग्रॅमची. तेल म्हणजे ग्रॅममागे ९ कॅलरी, म्हणजे एका फोडणीत अडीचशे. भाजीला एक, आमटीला एक. 'मूठभर' शेंगदाणे, जे मी संध्याकाळी घरी आल्या आल्या उभ्या उभ्या खात होते, ते ४२ ग्रॅम, जवळपास २४० कॅलरी. नवऱ्याची मूठ ६० ची. ऑफिसच्या खालच्या टपरीवरचा चहा दिवसाला पाच वेळा. एकदा पोरगा साखर घालताना मी अंदाज घेतला आणि घरी तेवढीच साखर मोजली, आठ ग्रॅम. पाच चहांची चाळीस, म्हणजे १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या.

सगळ्यात मोठा धक्का संकष्टीला. त्या दिवशी मी 'उपास' करते, म्हणजे खिचडी खाते. माझ्या ताटलीत कोरडा साबुदाणा ८० ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप १५ ग्रॅम. बेरीज ५८० च्या वर. आमच्या नेहमीच्या वरण-भात-पोळी-भाजीचं जेवण याहून हलकं होतं. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, उपास देवासाठी करतात, काट्यासाठी नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. संकष्टी अजून करते, कूट अर्धं झालंय.

दुसरा धक्का उलट्या बाजूचा. 'आम्ही रोज आमटी खातो, प्रोटीन मिळतंच' असा माझा समज होता. आमची आमटी पातळ. माझ्या वाटीत येणारी कोरडी डाळ निघाली १८ ग्रॅम. डाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२-२३ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे वाटीत चार. एका अंड्यात सहा असतं! तेव्हापासून वरण घट्ट, डब्यात मोड आलेली मटकी किंवा पनीर, सकाळी दोन अंडी. भूक लागण्याची वेळ अकरावरून दीडवर गेली. हा फरक मला वजनाच्या आकड्यापेक्षा आधी कळला.

तेलाचं काम मात्र ताटात होत नाही, तेलाच्या कॅनपाशी होतं. घरात आम्ही चौघं, ५ लिटरचा कॅन बरोबर ३० दिवसांत संपायचा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. भागाकार केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमचं तूप तर मी हिशेबात घेतलंच नव्हतं. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना 'तेल कमी घाला' हे मी तीन वर्षं सांगत होते आणि त्या तीन वर्षं 'हो ताई' म्हणत होत्या. आता सकाळी निघताना दिवसाचं तेल मोजून एका छोट्या बरणीत काढून ठेवते. बरणी संपली की संपली. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "ताई, भाजी रडतेय बघा." मग कांदा आधी झाकण ठेवून पाण्याच्या हबक्यावर शिजवायचं त्यांनीच शोधून काढलं. सध्याचा कॅन ४७ दिवस पुरला. माणशी २४ ग्रॅम. कोणाच्याही ताटातला एक घास कमी झाला नाही.

आता तक्रारी.

थेंब थेंब तेल टाकलं तर हा काटा शून्यावर ढिम्म बसून राहतो. मला वाटलं बिघडला. नंतर कळलं की शून्याजवळ सावकाश वाढणारं वजन तो स्वतःचीच चूक समजून पुसून टाकतो. उपाय असा: तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, बाटली उचलून तेल ओतायचं आणि परत ठेवायची. उणे ९ दिसलं की नऊ ग्रॅम गेलं. भांडंही खराब होत नाही.

दोन मिनिटांत तो आपोआप बंद होतो. कणीक मोजताना फोन आला की संपलं, परत पहिल्यापासून. मोठं पातेलं ठेवलं की आकडा त्याखाली लपतो. पंख्याखाली आकडा नाचतो. चारपैकी एका पायाचा रबर मे महिन्यात गळून पडला, तेव्हापासून ओट्यावर बारा ग्रॅमची गफलत यायला लागली. तिथे पुठ्ठ्याची घडी चिकटवली आहे. जुलैत सेलच्या कप्प्यात हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं, मुंबईचा पावसाळा. सॅंडपेपरने घासल्यावर चालू झाला. तो खरं बोलतोय का हे बघायला माझी सोपी युक्ती आहे, अर्धा लिटर दुधाची न फोडलेली पिशवी. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून पिशवीसकट ५१५ ते ५२० यायला हवं. माझा आज सकाळी ५१८ दाखवत होता.

भात, उसळ वगैरे शिजल्यावर मोजायचं असेल तर पातेल्याचं रिकामं वजन माहीत लागतं. मी हौसेने प्रत्येक पातेल्याच्या बुडाला नेलपेंटने लिहिलं. गॅसवर ठेवल्यावर जो वास सुटला! आता कपाटाच्या दाराला आतून कागद लावलाय.

एक तक्रार काट्याची नाही, माझी आहे. मार्चमध्ये मी जेवायच्या टेबलावर ताट मोजायला लागले होते. वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, दोन घास काढून ठेवायचे. एका रात्री तेरा वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, माझी पोळी किती ग्रॅमची आहे?" दुसऱ्या दिवशी तिने अर्धी पोळी ठेवली. पोटात गोळा आला. त्या दिवसापासून काटा टेबलावर येत नाही. शिजण्याआधीचं सामान मोजायचं, ताट नाही. आणि तिच्यासमोर कॅलरी हा शब्द नाही. घरात वाढत्या वयाची मुलं असतील, किंवा तुम्ही स्वतः आधी कधी खाण्यावरून स्वतःला छळलं असेल, तर हा काटा घ्यावा की नाही याचा खरंच विचार करा. मी या एका मुद्द्यासाठी एक तारा कापतेय.

हालचालीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मी फार काही केलं नाही. स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडली, जाता-येता मिळून ३६ मिनिटं चाल. आठवड्याची १८० होतात. जागतिक आरोग्य संघटना किमान १५० सांगते, शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. त्यासाठी डंबेल्स, आधी ३ किलोचे आणि आता ६ चे. मंगळवारी आणि रविवारी, वीस मिनिटं. खालच्या काकूंनी एकदा वर येऊन "काय पाडता हो?" विचारलं, तेव्हापासून गादीवर ठेवते. आमच्या ऑफिसची इमारत जुनी, लिफ्ट जाळीच्या दाराची, चौथा मजला. जानेवारीत दुसऱ्या मजल्यावर मी फोन बघायचं नाटक करून थांबायचे. आता लॅपटॉपची बॅग घेऊन सरळ चढते.

कामाच्या मोसमाचं काय, हा प्रश्न मला सगळ्या मैत्रिणी विचारतात. तर एप्रिलच्या सुरुवातीला बँकेच्या शाखांचं ऑडिट असतं, आणि ऑडिटरला उपाशी ठेवणारी शाखा मी पाहिलेली नाही. दहाला इडली-वडा, बाराला कोल्ड्रिंक, दीडला थाळी, चारला समोसा. नको म्हटलं तर मॅनेजरसाहेबांना वाटतं की काहीतरी सापडलंय. त्या दिवसांत ९०० ग्रॅम वाढलं. सप्टेंबरमध्येही १.१ किलो. आधी अशा वेळी मी 'गेलं सगळं' म्हणून सोडून द्यायचे. आता मोसमात वजन घटवायचं ठेवतच नाही, फक्त दोन खाती सांभाळते: घरचं तेल आणि टपरीचा चहा. चहा दोनवर आलाय. आणि ते वाढलेलं बरंचसं पाणी असतं, बाहेरच्या मिठाचं. पंधरा दिवसांत उतरतं. पाळीच्या आधीही किलोभर वर जातं. म्हणून रोज सकाळी वजन बघते पण लिहिते ती आठवड्याची सरासरी.

जून महिना पूर्ण कोरडा गेला, पाच आठवडे ६९.५ च्या आसपास. कारण शोधलं तर दोन सापडली. वजन कमी झालं की शरीराची गरजही कमी होते, हे एक. दुसरं म्हणजे शेंगदाणे मी परत 'अंदाजाने' घ्यायला लागले होते. माझा अंदाज २५ चा, काटा म्हणाला ३८.

आजचे आकडे: वजन ६६.४, कंबर ८७, एचबीए१सी ५.७. बीएमआय साडेसव्वीसच्या वर, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात अजून पास नाही. ८.४ किलो कमी झालं, २७३ दिवसांत. किलोभर चरबीला ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. गुणाकार-भागाकार करून बघा, रोजची तूट येते २३७. एका वडापावाहून थोडी कमीच. यात माझ्या तेलाचे १२५ आहेत, चहाचे शंभरेक. म्हणजे जवळजवळ सगळा जमाखर्च त्या दोन नोंदींत जुळतो आणि चालण्याचा वाटा कुठे गेला ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा ऑडिटच्या समोशांत.

परत घेईन का? हो, पण हाच नाही. चार्जिंगचा, आकडा पुढच्या बाजूला असलेला आणि किमान पाच मिनिटं जागा राहणारा बघेन, मग दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. सध्या निवडीला वाव नाही. चकलीच्या भाजणीसाठी सासूबाईंनी सोमवारी काटा नेला तो त्यांच्या खोलीतच आहे. तांदूळ, चणाडाळ, उडीद, धणे सगळं त्यांनी ग्रॅममध्ये वहीत उतरवून घेतलंय, आणि आज सकाळी तेलाची बरणी मी डोळ्यांनी भरली.