ला पाझची केबल कार: फिरायला नाही, रोज कामावर जायला

केबल कार म्हटलं की आपल्याला डोंगरावरचं देऊळ नाहीतर थंड हवेचं ठिकाण आठवतं, पण बोलिव्हियाच्या ला पाझमधली 'मी टेलेफेरिको' ही चक्क शहराची मेट्रो आहे, 2014 पासून चालू, आणि मला तर जाम आवडली. खाली ला पाझ, वर साधारण 4000 मीटरवर शेजारचं शहर एल आल्तो, मधला रस्ता नुसता वळणांचा आणि ट्रॅफिकचा, तिथे लाल लाईन दहाएक मिनिटांत वर नेऊन सोडते. टाइमटेबल बघायची गरजच नाही, दर 12 सेकंदांनी दहा सीटची केबिन येते.

स्टेशनात नीट बघा, केबिनची पकड दोरापासून सुटते, केबिन अगदी हळू सरकते, दार उघडतं, लोक पिशव्या घेऊन आरामात चढतात, मग ती परत दोर पकडते आणि एकदम वेग घेते, मुख्य दोर मात्र एक क्षणही थांबलेला नसतो! भारीच काम.

विजा कडाडल्या की सेवा थांबते, ते योग्यच. पण लाईन बदलली की वेगळे पैसे, हे मला पटत नाही, रोज जाणाऱ्याला ते जड जातं. तरी पाचपैकी साडेचार.